पडदा दाखवील, उत्तर कोण देईल?

१ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत उपग्रहावरून दूरचित्रवाणी पोचली. धाराशिवला लागून असलेल्या तेव्हाच्या गुलबर्गा जिल्ह्यातली गावंही त्यांत होती. सकाळी शाळकरी मुलांचे कार्यक्रम, संध्याकाळी शेती, आरोग्य, कुटुंबनियोजन. अमेरिकेने उपग्रह वर्षभरासाठीच दिला होता. मुदत संपताच तो काढून घेतला. शाळाशाळांत डिजिटल वर्ग उभे राहत असताना तो प्रयोग आठवायला हवा. पडदा बंद झाल्यावर शिकलेल्यातलं गावात काय उरतं, ही आरोग्यशिक्षणाची खरी कसोटी आहे.

साधनं आज हाताशी आहेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड आणला आणि पुढे तो राज्याच्या पुस्तकांत आला. २०१७ पासून ‘दीक्षा’ हे शाळांसाठीचं सरकारी डिजिटल व्यासपीठ आहे. २०२० पासून आयुष्मान भारतच्या शालेय आरोग्य कार्यक्रमात प्रत्येक शाळेतल्या दोन शिक्षकांनी आरोग्यदूत व्हावं, अशी योजना आहे. २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत उस्मानाबाद, म्हणजे आजचा धाराशिव, होता. अशा जिल्ह्याला या साधनांची गरज इतरांहून अधिक आहे.

रक्तक्षयाचंच घ्या. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांत तो आढळला. किशोरवयीन मुलामुलींसाठी आठवड्याला लोहाची एक निळी गोळी असते. गोळीने मळमळतं, शौचाला काळं होतं, की मुलगी घाबरते आणि पुढची गोळी दप्तरातच राहते. पाच मिनिटांच्या चित्रफितीत हे सगळं उलगडून दाखवता येतं: लोह रक्तात काय करतं, काळा रंग निरुपद्रवी का, गोळी जेवणानंतर का घ्यायची, जेवणावर लगेच चहा का नको, भाजीवर लिंबू पिळल्याने काय होतं. फळ्यावर हे इतकं स्पष्ट दिसणार नाही.

पण चित्रफीत संपल्यावर एखादी मुलगी विचारते, ‘बाई, माझी पाळी दहा दिवस थांबत नाही, मग?’ हा प्रश्न पडद्याला विचारता येत नाही. आणि समोर विश्वासाचं माणूस नसेल, तर तो विचारलाही जात नाही. २००७ मध्ये राज्यातल्या शाळांत लैंगिक शिक्षणावर बंदी आली होती. तो संकोच वर्गात अजून आहे. प्रजननाचा धडा ‘घरी वाचा’ म्हणून सोडला जातो. इथे पडद्याचं मोल मोठं आहे. शिक्षकाच्या ओठांवर अडलेलं पहिलं वाक्य तो बोलतो. दुसरं वाक्य मात्र शिक्षकानेच बोलायला हवं, आणि त्यासाठी त्याची तयारी करून घ्यायला हवी.

तुळजापूर तालुक्यातल्या अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्याच बायकांना शिकवून ‘भारतवैद्य’ केलं. आरोग्याचं ज्ञान ओळखीच्या तोंडून आलं की गाव ते मानतं, हा त्या कामाचा धडा. म्हणून चित्रफितींत आपल्याच आशाताई बोलाव्यात, आपल्याच बोलीत, ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी समोर ठेवून. चित्रफीत दाखवली जाईल त्या दिवशी आशाताई वर्गातही असाव्यात.

दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. त्यांच्यासोबत गेलेल्या मुलीची शाळा सुटते, गोळीही सुटते. तिचे पाठ मोबाइलवर आधीच उतरवून देता येतील, पण फोन बापाच्या खिशात असतो. तेव्हा निघण्यापूर्वी आईबापांना बोलावून पाठ दाखवावा, गोळ्यांची पाकिटं हातात द्यावीत आणि कारखान्याजवळच्या आरोग्य केंद्राला तिचं नाव कळवावं.

जिल्हा परिषदेच्या शिक्षण आणि आरोग्य विभागांनी यासाठी एकत्र बसावं. किती चित्रफिती दाखवल्या, याची नोंद सोपी आहे. ती पुरेशी नाही. वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी मुलींचं हिमोग्लोबिन तपासावं, १२ ग्रॅमच्या खाली किती राहिल्या ते पाहावं, आणि ज्या राहिल्या त्यांच्या घरी कोण जाणार हे त्याच बैठकीत ठरवावं.