झिजलेल्या वस्तूचे आपण काय लागतो?

वस्तू विकत घेताना माणूस पुष्कळ विचार करतो. ती टाकून देताना तो फारसा करीत नाही. घेताना किंमत, टिकाऊपणा, उपयोग, चार जाणत्यांचे मत हे सारे तोलले जाते. टाकताना मात्र एकच विचार मनात असतो : ही अडगळ एकदाची दाराबाहेर कधी जाते? वस्तुतः दुसऱ्या वेळचा प्रश्न पहिल्याहून अधिक गंभीर आहे. कारण घेताना आपण बहुधा आपल्याच पैशाचा विचार करीत असतो, टाकताना मात्र दुसऱ्याच्या जिवाचा संबंध येतो. वाचकहो, आज या दुसऱ्या वेळेचा विचार करू. उदाहरणादाखल मोटारीचे एक झिजून निकामी झालेले इंजिन घेऊ.

परंतु इंजिनाकडे वळण्यापूर्वी आपण क्षणभर रायपूरच्या सदर बाजारात जाऊ. गोल बाजारालगतची ही पेठ सराफ्यासाठी प्रसिद्ध आहे. रायपूरचा मराठी माणसाशी संबंध जुना आहे. अठराव्या शतकात येथे नागपूरकर भोसल्यांचा अंमल आला, आणि पुढे १९५६ पर्यंत हा प्रदेश नागपूर राजधानी असलेल्या प्रांतातच होता. या पेठेत जुना, मोडका दागिना घेऊन कोणी आले तर सराफाला यत्किंचितही अडचण पडत नाही. तो कस पाहतो, वजन करतो, घट धरतो आणि हिशोब सांगतो. पाटली मुशीत वितळली तरी सोने सोनेच राहते. सोनाराच्या दुकानातील केरसुद्धा वाया जात नाही. तो धुऊन त्यातील कण काढणाऱ्याला आपल्या भाषेत झारेकरी असे स्वतंत्र नाव आहे. नदीच्या वाळूतून सोन्याचे कण वेचणारी सोनझरा जमात तर छत्तीसगडातही आढळते. सोन्याच्या बाबतीत ‘याचे आता काय करावे?’ हा प्रश्न पडत नाही, कारण सोन्याचे मोल त्याच्या द्रव्यात आहे, आकारात नाही.

इंजिनाचे नेमके याउलट आहे. त्याचे मोल लोखंडात किंवा अॅल्युमिनियममध्ये नसून त्या धातूंच्या परस्परांशी जुळण्यात आहे. ॲरिस्टॉटलने द्रव्य आणि रूप असा जो भेद केला, तो समजावून घेण्यास यासारखे साधन नाही. विशेषतः ज्याला रोटरी किंवा फेलिक्स वांकेल या जर्मन संशोधकाच्या नावावरून वांकेल इंजिन म्हणतात, ते पाहावे. त्यात वरखाली होणारे पिस्टन नसतात. कमरेत किंचित दबलेल्या लंबगोल पोकळीत फुगीर बाजूंचा एक त्रिकोणी रोटर फिरत असतो. त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर एकेक बारीक पट्टी बसवलेली असते, आणि ती पोकळीच्या भिंतीला सतत घासत राहते. वायू आत कोंडून ठेवण्याचे काम बहुतांशी या पट्ट्यांवर अवलंबून असते. त्या झिजल्या, किंवा भिंतीवरचा क्रोमचा मुलामा उडाला, की दाब धरत नाही. तापलेले इंजिन पुन्हा सुरू होईना, पेट्रोल अधिक लागू लागते, धूर वाढतो. काट्यावर घातले तर वजन जवळजवळ पूर्वीइतकेच भरेल. केसभर धातू गेला, आणि त्याबरोबर इंजिनपण गेले.

नेहमीच्या इंजिनाचे सिलिंडर झिजले तर मिस्त्री बोअर मारून थोडे मोठे पिस्टन बसवतो किंवा नवी स्लीव्ह घालतो. रोटरीच्या पोकळीचा आकार इतका काटेकोर असतो की ती अशी सहसा वाढवता येत नाही. काही झीज सुधारून घेता येते, तर काही झिजेपुढे तो भागच बदलावा लागतो. या दोहोंत विवेक करणे ही मिस्त्रीची विद्या आहे. आणि जीवनातही ती कमी महत्त्वाची नाही.

या इंजिनाच्या इतिहासातच आपल्या प्रश्नाची तीन उत्तरे सापडतात. जर्मनीतील एनएसयू कंपनीने १९६७ मध्ये आरओ ८० ही रोटरी इंजिनाची मोटार काढली. १९६८ ची युरोपातील सर्वोत्तम मोटार म्हणून तिचा गौरव झाला. पण पट्ट्या लवकर झिजू लागल्या. कंपनीने हमीप्रमाणे कितीतरी इंजिने बदलून दिली. तो भार तिला फार जड गेला, आणि १९६९ मध्ये ती फोक्सवॅगनच्या पंखाखाली गेली. हे झाले एक उत्तर : ज्याने बनवले त्याने नुकसान सोसून शब्द पाळावा. दुसरे उत्तर काही मालकांनी शोधले. त्यांनी रोटरी इंजिन काढून त्याच्या जागी फोर्ड कंपनीचे साधे चार सिलिंडरांचे इंजिन बसवले. गाडी चालू लागली; मात्र जिच्यासाठी ती ओळखली जात होती ती गोष्टच तिच्यात उरली नाही. तिसरे उत्तर जपानच्या माझदा कंपनीचे. भिंतीवर उठणाऱ्या ओरखड्यांना तेथील अभियंते ‘सैतानाच्या नखांचे ओरखडे’ म्हणत. केनिची यामामोतो यांच्या नेतृत्वाखाली त्यांनी पट्ट्यांचे द्रव्य व रचना बदलून त्यावर मात केली. १९९१ मध्ये त्यांच्या रोटरी मोटारीने ल मॉं येथील चोवीस तासांची शर्यत जिंकली. पुढे आरएक्स-८ चे उत्पादन २०१२ मध्ये थांबले. पण २०२३ मध्ये तेच तत्त्व विजेच्या मोटारीत, चाके फिरवण्यासाठी नव्हे तर वीज निर्माण करण्यासाठी, परत आले. एका कामातून निवृत्त झालेली कल्पना दुसऱ्या, अधिक लहान कामात उपयोगी पडली.

आता प्रश्न आपल्या अंगणात आणू. रोटरी मोटार आपल्या रस्त्यांवर रुळली नाही; परंतु झिजलेले इंजिन दारात उभे असलेली घरे रायपुरात आहेत, तशी नगर, वसई आणि बेळगावातही आहेत. मालकापुढे चार वाटा असतात : दुरुस्त करावे, विकावे, ठेवून द्यावे किंवा भंगारात द्यावे.

दुरुस्ती हा आपल्या आईवडिलांचा धर्म होता. काटकसर हा सद्गुण आहे यात शंका नाही. परंतु काटकसरीचा लाभ आपल्याला आणि धूर शेजाऱ्याला, अशी वाटणी होत असेल तर तिला सद्गुण म्हणता येईल काय? खर्चाबरोबरच दुरुस्तीनंतर इंजिन स्वच्छ चालेल की नाही, हेही विचारले पाहिजे.

विकण्यात स्वतःहून काही पाप नाही. एकाला निरुपयोगी वाटणारी वस्तू दुसऱ्याला सुट्या भागांसाठी हवी असते. पण दाट तेल घालून आवाज दाबणे, थंड इंजिन सुरू करून दाखवणे आणि तापल्यावर ते बंद पडते हे न सांगणे, हे सदर बाजारात पितळ सोने म्हणून विकण्यासारखेच आहे. सोन्याच्या दागिन्यांना २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला. जुन्या इंजिनावर तसा शिक्का नसतो. तेथे विकणाऱ्याचा शब्द हाच हॉलमार्क.

ठेवून देण्यामागे बहुधा माया असते. वडिलांनी हप्ते भरून घेतलेली गाडी काट्यावर घालताना हात थरथरतो, आणि त्या थरथरण्याची थट्टा करू नये. मुंबईतील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस रस्त्यावरून गेली, तेव्हा निदान एक तरी पद्मिनी जपून ठेवावी अशी मागणी झाली. ती योग्यच होती. पण ती ‘एक’ ठेवण्याची होती. आठवण जपण्यास एखादा भाग पुरतो. अंगणात गंजत पडलेले, मातीत तेल झिरपवणारे यंत्र वडिलांचा मान वाढवीत नाही.

राहिली भंगाराची वाट. ती हलकी मानण्याचे कारण नाही. अॅल्युमिनियम पुन्हा वितळवण्यास खनिजातून ते काढण्याच्या मानाने सुमारे ९५ टक्के कमी ऊर्जा लागते. ज्या भूमीत दल्ली-राजहराच्या खाणी खोदून भिलाईच्या भट्ट्या पेटवल्या जातात, त्या भूमीतील माणसाला वाचलेल्या खनिजाचे मोल निराळे सांगावयास नको. आपला भंगारवाला हा वस्तुतः लोखंडाचा झारेकरीच होय. त्याच्याकडे नाक मुरडून पाहण्याचा आपल्याला अधिकार नाही.

मात्र येथेच सर्वांत मोठी जबाबदारी आहे. दिल्ली विद्यापीठाच्या एका प्रयोगशाळेत किरणोत्सर्गी कोबाल्ट-६० असलेले एक यंत्र १९८५ पासून वापरावाचून पडून होते. २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले आणि मायापुरीच्या भंगार बाजारात पोहोचले. तेथे ते फोडण्यात आले. अनेक कामगार आजारी पडले. त्यांपैकी एकाचा मृत्यू झाला. देणाऱ्यांच्या दृष्टीने ती अडगळ होती. फोडणाऱ्यांना ती काय आहे हे कोणी सांगितले नव्हते. इंजिनात असा किरणोत्सर्गी कोबाल्ट नसतो. पण जुने तेल, बॅटरीतील शिसे व आम्ल, उरलेले पेट्रोल असते, आणि उघड्या हातांनी ते फोडणारा मनुष्यही आपल्यासारखाच असतो.

यावर कोणी म्हणेल, ‘सरकारमान्य केंद्रापेक्षा कोपऱ्यावरचा भंगारवाला चार पैसे जास्त देतो, शिवाय त्याचेही पोट आहे.’ हा आक्षेप खोटा नाही. २०२१ च्या नियमांनी नोंदणीकृत मोडतोड केंद्रांची व्यवस्था झाली, आणि संपूर्ण गाडी मोडीत काढावयाची असेल तर तीच वाट धरावी. पण सुटे इंजिन ओळखीच्या भंगारवाल्याला देण्याची वेळ आली, तरी तेल काढून ते तेल घेणाऱ्या नोंदणीकृत व्यावसायिकाकडे पोहोचवणे, आत काय आहे ते सांगणे आणि भावात थोडे कमी घेणे आपल्या हाती आहेच. जास्त मिळणारे चार पैसे पुष्कळदा कोणाच्या तरी फुप्फुसातून आलेले असतात.

तेव्हा झिजलेल्या वस्तूचे आपण काय लागतो? मालक हे उत्तर अपुरे आहे. मालकी तर विक्रीच्या कागदावर सही होताच संपते. आपण तिचे कारभारी लागतो, आणि कारभाऱ्याला शेवटचा हिशोब द्यावा लागतो. वस्तूने आपली सेवा केली म्हणून तिचे ऋण आहे असे म्हणणे हे काव्य होईल. लोखंडाला ऋण कळत नाही. ऋण आहे ते तिच्या पुढच्या वाटेवर उभ्या असलेल्या माणसांचे : घेणाऱ्याचे, फोडणाऱ्याचे, त्याच हवेत श्वास घेणाऱ्या लेकरांचे.

वाचकहो, आपल्या घरातही असे काही पडून असेल. ते टाकण्यापूर्वी तीन प्रश्न स्वतःला विचारावेत. हे अजून कोणाच्या खऱ्या उपयोगाचे आहे काय? याचा दोष मी घेणाऱ्याला सांगितला आहे काय? आणि हे ज्याच्या हाती जाईल त्याचे हात सुरक्षित राहतील काय? या तिहींची उत्तरे प्रामाणिकपणे देता आली, म्हणजे ते दाराबाहेर काढण्यास हरकत नाही.