पाल आणि पालक

पाल म्हटली की आपल्यापैकी अनेकांच्या अंगावर काटा येतो. भिंतीवर दिसली की हात झाडूकडे जातो. मात्र अमेरिका, इंग्लंड अशा देशांत पालीची एक जात हौसेने पाळली जाते. तिचे नाव लेपर्ड गेको. अंगावर बिबट्यासारखे ठिपके असलेली ही पाल मूळची अफगाणिस्तान, पाकिस्तान व वायव्य भारतातील कोरड्या, खडकाळ प्रदेशातली. नीट सांभाळली तर ती १५ ते २० वर्षे जगते.

मुलांच्या हट्टापायी काचेची पेटी घरात येते. काही महिन्यांत नवलाई ओसरते. ऊब देणारा दिवा बिघडतो, तो कोणी बदलत नाही. खाद्याच्या किड्यांना कॅल्शियमची पूड लावायची राहून जाते. या पालीची चरबी शेपटीत साठते. उपासमार झाली की जाडजूड शेपटी काडीसारखी होते. कॅल्शियम व ड-३ जीवनसत्त्वाअभावी हाडे मऊ पडतात, पाय वाकतात. अर्धवट निघालेली कात बोटांभोवती आवळते, रक्त थांबते आणि बोटे झडतात. भुकेला कुत्रा केकाटतो. ही पाल गप्प राहते. तिला कोणी मारलेले नसते. फक्त विसरलेले असते.

अशी पाल कोणी वाचवायला घेतली तर आधी ऊब द्यावी लागते. पेटीची एक बाजू सुमारे ३२ अंश सेल्सिअस हवी, कारण उबेशिवाय तिला अन्न पचत नाही. मग पाणी, थोडे थोडे किडे आणि पशुवैद्याचा सल्ला. चिकटलेली कात कोमट पाण्याने भिजवून हळूच सोडवायची. शेपूट पुन्हा भरायला महिने लागतात. झडलेली बोटे तर परत येतच नाहीत. आणि एवढे करूनही ही पाल धावत दारात येऊन आपले स्वागत करणार नाही.

इथे मनात शंकेची पाल चुकचुकते. माणसे उपाशी असताना एका पालीसाठी दिवा, औषध आणि डॉक्टर? प्रश्न रास्त आहे. कॅथोलिक धर्मशिक्षणाचा ग्रंथही (परिच्छेद २४१८) दोन्ही बाजू मांडतो. प्राण्यांना विनाकारण यातना देणे माणसाला शोभत नाही. तसेच माणसांच्या दुःखनिवारणासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर उधळणेही शोभत नाही.

पण उधळपट्टी वेगळी आणि देणे वेगळे. रानातली पाल तापलेला दगड स्वतः शोधते, भक्ष्य स्वतः पकडते. तिला आपली गरज नसते. पेटीत ठेवताना माणसाने तिचा दगड, तिची शिकार, तिचा आडोसा काढून घेतला. काढून घेतलेले परत करणे हे दान नव्हे, ते देणे आहे. दान कोणाला करावे हे आपण ठरवू शकतो. देणे मात्र टाळता येत नाही. निर्गमच्या २३ व्या अध्यायात तर वैऱ्याचे गाढव ओझ्याखाली पडलेले दिसले तरी मदत करावी, अशी आज्ञा आहे. चूक मालकाची असेल. म्हणून मुक्या जिवाने ती का भोगावी? त्याला वाचवणारा दुसऱ्याचे देणे फेडत असतो.

आपल्या घरात पाळलेली पाल नसेल. माशांची टाकी असेल, लव्हबर्ड्सचा पिंजरा असेल. नवा जीव घरी आणण्याआधी कुटुंबाने एकत्र बसून विचारावे: नवलाई संपल्यावर याचे पाणी कोण बदलणार? उत्तर मिळत नसेल, तर तो जीव घरी न आणणे हीच त्याच्यावरची दया. आणि आणलाच असेल, तर आज घरी गेल्यावर त्याच्याकडे एकदा नीट पाहू या. ज्याला मागता येत नाही, त्याची गरज पालकानेच ओळखायची असते.