कर्णनाद आणि शांति

बाहेर ध्वनि नसतां कानांत अखंड गुणगुणणारा कर्णनाद सुश्रुतानें 28 कर्णरोगांत गणला आहे. कित्येकांस तो जन्मभर सोडीत नाहीं. त्यांनीं शांतीची आशा सोडावी काय?

1953 सालीं हेलर व बर्गमन यांनीं निरोगी कानांच्या 80 जणांस निःशब्द खोलींत बसविलें. सुमारें 94 टक्के जणांस कसला ना कसला नाद ऐकूं आला. निर्भेळ निःशब्दता बहुधा कोणाच्याच वांट्यास नाहीं. विरारास रुळांलगत राहणारी माता लोकलच्या खडखडाटांत निजते, पण बाळ कुरकुरतांच जागी होते. दखल कशाची घ्यावी, हें मन ठरवितें. नादाशीं झुंजणें म्हणजे त्याकडे अधिकच कान देणें होय. त्याचें भय ओसरलें, कीं नाद राहूनही शांति लाभते. अर्थात् हें एका रात्रींत साधत नाहीं. रुळांलगत नवें बिऱ्हाड थाटणारासही प्रथम झोप येत नाहींच.