शर्यतीतला शेवटचा माणूस

वाचकहो, जानेवारीतील तिसऱ्या रविवारी पहाटे पाचच्या सुमारास मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनससमोर हजारो माणसे अंधारात उभी असतात. मरीन ड्राइव्ह, पेडर रोडची चढण, हाजीअली, वरळी, माहीम अशा वाटेने त्यांना ४२.१९५ किलोमीटर अंतर कापायचे असते. २००४ साली सुरू झालेली ही मॅरेथॉन कोरोनाकाळातील खंड सोडला तर दरवर्षी होत आली आहे. अर्धे अंतर धावणारे, सहा किलोमीटरच्या आसपासच्या ‘ड्रीम रन’मध्ये हसतखेळत चालणारे, ज्येष्ठ नागरिक आणि चाकाच्या खुर्चीवरून येणारे दिव्यांग असे सारे तिच्यात सामील होतात.

एका शुक्रवारी जुम्याच्या नमाजनंतर एका तरुणाने मला थांबवून विचारले, “मौलाना, मॅरेथॉनमध्ये धावणं जायज आहे का?” मूकबधिर मुलांच्या एका शाळेसाठी निधी गोळा करून त्याला धावायचे होते. मात्र वडिलांचा विरोध होता. ते टॅक्सी चालवतात. त्या रविवारी दुपारपर्यंत अनेक रस्ते बंद असतात आणि त्यांची निम्म्या दिवसाची कमाई बुडते. “भरल्या पोटाच्या माणसांच्या हौसेसाठी आमचा रोजगार का बुडावा?” असे त्यांचे म्हणणे होते. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. वडिलांच्या प्रश्नाने मात्र मला बरेच दिवस विचारात पाडले.

आधी सोपे उत्तर पाहू. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी एका प्रवासात माननीय आयशा (र.) यांच्याशी धावण्याची शर्यत लावली होती. तेव्हा आयशा (र.) जिंकल्या. पुढे काही काळाने पुन्हा शर्यत झाली, प्रेषित (स.) पुढे गेले आणि ही त्या दिवसाची परतफेड, असे हसून म्हणाले. देहाचाही आपल्यावर हक्क आहे, ही त्यांचीच शिकवण. दुर्बल श्रद्धावंतापेक्षा सबळ श्रद्धावंत अल्लाहला अधिक प्रिय आहे आणि भलेपणा दोघांतही आहे, असेही त्यांनी सांगितले. तेव्हा धावणे निषिद्ध नाही. पथ्य मात्र आहे. पोशाख गुडघ्याखालपर्यंत असावा. जानेवारीत मुंबईत फजरची वेळ सहाच्या आसपास सुरू होते आणि सव्वासातच्या सुमारास सूर्योदयाबरोबर संपते. म्हणजे लांब अंतर धावणाऱ्याला ती वाटेतच गाठते. त्याने थांबावे, वाटेत मिळणाऱ्या पाण्याने वुजू करावा, रस्त्याच्या कडेला रुमाल अंथरून दोन रकअत फर्ज अदा करावी. घड्याळ त्याच्यासाठी थांबणार नाही. पण आपली धाव कोणत्या मालकासाठी थांबते, हे माणसाला त्या चार-पाच मिनिटांत कळते.

आता वडिलांचा प्रश्न. अशा शर्यतीने समाजाला काय मिळते?

दिव्य कुरआनने स्पर्धेला नाकारलेले नाही. सूरह अल्-बकराच्या १४८ व्या आयतीत सत्कृत्यांत एकमेकांच्या पुढे जाण्याची आज्ञा आहे. पण ही स्पर्धा बाजारातल्या स्पर्धेहून वेगळी आहे. बाजारात एकाचा नफा पुष्कळदा दुसऱ्याचा तोटा असतो. सत्कृत्यात शेजारी पुढे गेला म्हणून माझे पुण्य रतीभर घटत नाही. मॅरेथॉनमध्ये या दुसऱ्या स्पर्धेची थोडी झलक दिसते. जिंकण्यासाठी धावणारे मूठभर असतात. उरलेले हजारो एकमेकांना हरवायला आलेलेच नसतात. पाय आखडलेल्या अनोळखी माणसाला कोणी हात देतो, कोणी त्याच्यासाठी आपला वेग कमी करतो. फुटपाथवर उभ्या बायका-मुले ज्यांचे नाव-गाव ठाऊक नाही त्यांना पाणी, संत्र्याच्या फोडी आणि टाळ्या देतात. एरवी ज्या शहरात शेजारच्या दाराची ओळख नसते तिथे हे घडते. ही गोष्ट लहान नाही.

तरीही एवढ्यावर मी थांबणार नाही. माझ्या मते समाजाचे मोल सर्वांत पुढे कोण आहे यावर ठरत नाही, सर्वांत मागे असलेल्याचे काय होते यावर ठरते. इमामतीचा पहिला धडा हाच आहे. जमातीत दुर्बल, आजारी, वृद्ध आणि कामाच्या घाईतले लोक असतात, म्हणून इमामाने नमाज हलकी ठेवावी, असा प्रेषितांचा (स.) आदेश आहे. मूल रडल्याचा आवाज कानी आला तर त्याच्या आईच्या काळजीने ते स्वतः नमाज आटोपती घेत. प्रवासात ते काफिल्याच्या मागे राहत, थकलेल्यांना पुढे नेत, कोणाला आपल्या मागे स्वारीवर बसवून घेत आणि त्यांच्यासाठी दुआ करत. ज्यांचा मान सर्वांत पुढचा, त्यांनी आपली जागा शेवटच्या माणसाजवळ निवडली होती.

ही कसोटी मॅरेथॉनला लावून पाहा. शेवटचा धावपटू येईपर्यंत पाण्याची टेबले उभी आहेत का? तो पोहोचतो तेव्हा टाळ्या वाजवायला कोणी उरले आहे का? आणि त्याच्याही मागे असलेले लोक, म्हणजे जे धावतच नाहीत ते? टाकलेल्या बाटल्या वेचणारा सफाई कामगार, भल्या पहाटेपासून उभा असलेला पोलीस शिपाई, रुग्णालयात जायला निघालेली गरोदर बाई, गिऱ्हाइकाविना बसलेला टॅक्सीवाला. रस्त्यालाही हक्क असतात आणि कोणाला त्रास न देणे हा त्यांतला एक, असे हदीसमध्ये आले आहे. वाटेतला काटा दूर करणे हाही सदका आहे. मग आपण चोखून टाकलेली संत्र्याची साल दुसऱ्याने उचलावी, हे कोणत्या पुण्यात बसते?

निधीचेही असेच आहे. या निमित्ताने शेकडो संस्थांना मोठी मदत मिळते, हे निर्विवाद. उघड दानाला कुरआनने चांगले म्हटले आहे, गुपचूप दानाला अधिक चांगले. छातीवर फलक लावून धावणाऱ्याने आपली नियत तपासत राहावे, एवढेच. पण एक फरक विसरू नये. सदका देणाऱ्याच्या मनावर आहे. जकात मात्र श्रीमंताच्या मालातला गरिबाचा ठरलेला हिस्सा आहे. त्यासाठी त्याने कोणाच्या उत्साहाची वाट पाहावी, असे नाही. वर्षातून एका सकाळी धावून उरलेल्या ३६४ दिवसांचे देणे फिटत नाही.

त्या तरुणाला मी शेवटी सांगितले, “जरूर धाव. पण आधी अब्बांजवळ बस. त्या दिवशी त्यांची जितकी कमाई बुडेल, तितकी रक्कम तुझ्या पगारातून त्यांच्या हातात ठेव. मग त्यांची परवानगी आणि दुआ घेऊन नीघ. तुझ्या शर्यतीतला शेवटचा माणूस तुझ्याच घरात आहे.” तो काही वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, “मौलाना, हे अंतर बेचाळीस किलोमीटरपेक्षा लांब आहे.”

वाचकहो, आपण धावत असू वा नसू, आपल्या प्रत्येकाच्या वेगामागे कोणीतरी थांबलेले असते. त्याचा हिशोब आखिरतमध्ये विचारला जाईल, आणि तिथे कोण पहिला आला एवढ्यावर निकाल लागणार नाही. सत्कृत्यांत पुढे जाण्याचे बळ आणि मागे वळून पाहण्याची सद्बुद्धी अल्लाह आम्हा सर्वांना देवो. आमीन.