परिचर्येची वारी

सज्जनहो, गेल्या भाद्रपदात अंगणातल्या शेवाळावर पाय घसरून माझे मांडीचे हाड मोडले, आणि चातुर्मासाचे निरूपण अर्ध्यावर टाकून सरकारी रुग्णालयाची खाट धरावी लागली. शस्त्रक्रियेला सहा दिवस अवकाश होता. तोवर उठणे नाही, बसणे नाही. सर्व विधी खाटेवरच.

चाळीस वर्षे मी कीर्तनात सांगत आलो, की विठोबाने जनाबाईबरोबर दळण दळले, चोखोबाबरोबर मेलेली गुरे ओढली. हा प्रसंग आला की श्रोत्यांचे डोळे भरतात, माझाही कंठ दाटतो. आणि पहिल्याच रात्री तिशीच्या आतली एक परिचारिका मलपात्र घेऊन आली तेव्हा मी काय केले? भिंतीकडे तोंड फिरवले. ‘माझ्या मुलाला बोलवा’ म्हणालो. पुरुषाची लाज होती हे खरे. पण नुसती लाज नव्हती. पाठशाळेत मुरलेले सोवळे होते. तिचे आडनाव काय, हा प्रश्न अगदी ओठाशी येऊन थांबला होता. विठोबाने गुरे ओढली ती मला चालली. कारण ओढणारा तो होता आणि मी नुसता सांगणारा!

ती म्हणाली, “बाबा, मुलगा सकाळी येईल. तुमच्या पाठीची कातडी तोवर थांबायची नाही.” एवढे बोलून तिने काम उरकले. नाक मुरडणे नाही की उपकाराची भाषा नाही. ओले फडके, मग कोरडे, मग चादर ताणून बसवली. चादरीला चुणी राहिली तर तीच अंगाला रुतून व्रण होतो, हे मला नंतर कळले. ज्याला स्वतः हलता येत नाही त्याला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, नाही तर मांस दबून रक्त पोहोचत नाही आणि शय्याव्रण पडतो. आपण एकादशीला एक रात्र जागतो, तर दुसऱ्या दिवशी चार जणांना सांगतो. असो.

झोप येत नसे, म्हणून मी पाहात राही. चाळीस खाटा आणि दोन बाया. एकाचे सलाईन संपले, एकाला उलटी झाली, एक म्हातारा मध्यरात्री घरी जायला निघाला. त्यातच पहाटे समोरचा एक तरुण गेला. तिने त्याचे डोळे मिटले, हातपाय सरळ केले, कागद लिहिले, आणि पुढच्या खाटेवरच्या माणसाला ताप मोजताना विचारले, “रात्री झोप लागली का?” त्याच आवाजात! मला वाटले, किती कोरडी ही. पुढे चहाच्या कपाटाआड तिने पदराने तोंड पुसलेले मी पाहिले, आणि माझ्या न्यायनिवाड्याची मला लाज वाटली.

तिची आई माळकरी. हे कळल्यावर बोलणे वाढले. एका रात्री तिने विचारले, “महाराज, नऊ वर्षांत मला आषाढी घडली नाही. पाप लागते का हो?” मी लगेच पुंडलिकाची कथा काढली. आईबापांच्या सेवेत होता, देवाला विटेवर उभे केले, वगैरे. ती ऐकून घेऊन म्हणाली, “पण ते त्याचे स्वतःचे आईबाप होते. हे माझे कोण? आणि पुंडलिकाला चाळीस आईबाप नव्हते. खरे सांगू? पहाटे चारला कोणी हाक मारली तर मला राग येतो. किळसही येते. वरून हसायचे, आतून पाय ठणकत असतात. असली सेवा देवाला पोहोचते?”

मजपाशी तयार उत्तर नव्हते. दृष्टांत पुष्कळ होते, उत्तर नव्हते.

दुसऱ्या दिवशी आठवण झाली ती चरकसंहितेची. चरकाचार्यांनी चिकित्सेचे चार पाद सांगितले: वैद्य, औषध, परिचारक आणि रोगी. परिचारकाचे गुणही चारच : उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. वाग्भटाने मात्र अनुराग पहिला घातला आहे. मी तिला हे सांगताच ती हसली. “चरकांना रात्रपाळी होती का?” म्हणाली!

विनोद खरा, पण मी दिवसभर त्यावर घोळत राहिलो. अनुराग म्हणजे मनाला सदा उमाळे येणे, असे आम्ही कीर्तनकारांनीच लोकांच्या गळी उतरवले. चरकांनी ज्ञान आणि दक्षता आधी घातली, यात मला आता मोठे शहाणपण दिसते. राग आला तरी ती उठली, किळस आली तरी हात मागे घेतला नाही, औषधाचा अंश चुकला नाही. अनुराग तिच्या हातात होता. मनाने त्या वेळी काय म्हटले ते देवाने पाहावे. पायी वारीत सतराव्या दिवशी पाय फुटल्यावर कोणाच्या मनात आनंदाचे डोही उसळत असतात? तरी पाऊल पडतेच ना?

मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील परिचारिका अरुणा शानबाग यांची हकीकत आपणांस ठाऊक असेल. १९७३ साली त्याच इमारतीत त्यांच्यावर अघोर अत्याचार झाला व त्या शुद्ध हरपल्यासारख्या खाटेला खिळल्या. २०१५ च्या मे महिन्यात देह ठेवीपर्यंत, जवळजवळ ४२ वर्षे, तेथल्या परिचारिकांनी त्यांना सांभाळले. ज्यांनी आरंभ केला त्या निवृत्त झाल्या. ज्यांनी त्यांना चालताबोलता कधी पाहिलेही नव्हते अशा मुलींनी घास भरवले. एवढ्या वर्षांत शय्याव्रण होऊ दिला नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या निकालात घेतली. त्या मुलींना रोज प्रेमाचा पूर येत होता काय? मला नाही वाटत. पण दर दोन तासांनी कूस बदलली गेली.

आणखी एक बोलतो, कोणास रुचो न रुचो. २०२० साली पायी वारी झाली नाही, संतांच्या पादुका एस. टी.ने पंढरीस गेल्या. आपण घरी बसून टाळ्या वाजवल्या, या बायांना देवी म्हटले. त्या अंगभर गुंडाळलेल्या पोशाखात तासन्‌तास पाण्याविना उभ्या होत्या. देवी म्हणण्यात एक सोय असते : देवीला पगार वेळेवर लागत नाही, सुट्टी लागत नाही. कित्येक जणी आजही कंत्राटावर राबतात. मी कीर्तनाची बिदागी घेतो, मग तिने वेतन मागितले तर सेवेला कमीपणा येतो कसा?

घरी निघालो त्या दिवशी तिची सुट्टी होती. बुक्क्याची पुडी दुसऱ्या बाईजवळ ठेवली. तिचे आडनाव मी अखेरपर्यंत विचारले नाही.

आता काठी टेकत अंगणापर्यंत जातो. येत्या आषाढीस दिंडीबरोबर चालणे काही जमायचे नाही. आपण जाल. वाटेत आरोग्यपथकाच्या तंबूत फोड आलेले पाय दाखवायला बसाल, तेव्हा त्या बाईला आधी विचारा, की पोरी, तू पाणी प्यालीस का?

रामकृष्णहरि.