दिसला का चंद्र?

आमच्या लिंबागणेशचा गणपती भालचंद्र. शापातून सुटण्यासाठी चंद्राने इथंच तप केलं आणि देवाने त्याला कपाळी घेतलं, असं गावात सांगतात. म्हणून संकष्टीला चंद्र पाहिल्याशिवाय आई घास घेत नसे. श्रावणात आभाळ गच्च भरलेलं. दादा पंचांग पुढं धरून म्हणायचे, "अगं, वेळ टळून गेली. उगवलाय, जेव आता." आई अंगणातूनच म्हणायची, "मला कुठं दिसलाय अजून?"

दोघांत खरा भाविक कोण, हे कोडं मला विमानतळाच्या नोकरीत सुटलं. धावपट्टीच्या दिव्यांची देखभाल माझ्याकडे होती. पट्टीशेजारी चार दिव्यांची ओळ असते. दोन पांढरे, दोन लाल दिसले तर विमान बरोबर उतारावर. चारही लाल म्हणजे फार खाली, चारही पांढरे म्हणजे फार वर. काचेवर दव धरलं की लाल-पांढऱ्याची सीमा पुसट होते. पहाटे गुडघे टेकून मऊ फडक्याने त्या काचा पुसताना मला घरची समई आठवे.

धुक्यात वैमानिक यंत्राच्या भरवशावर खाली येतो. पण नेहमीच्या यंत्र-अवतरणात साधारण 200 फुटांवर त्याला ठरवावंच लागतं. पट्टी किंवा तिच्या अलीकडचे दिवे डोळ्यांना दिसले तरच उतरायचं, नाहीतर विमान वर घ्यायचं. यंत्र कितीही अचूक असो. नोव्हेंबर 2019 मध्ये शिर्डीला दृश्यमानता कमी म्हणून कित्येक दिवस विमानं बंद राहिली. साईंच्या दारातसुद्धा नुसत्या श्रद्धेवर कुणी विमान उतरवलं नाही, आणि तेच योग्य होतं.

दादांचं पंचांग खोटं नव्हतं. शास्त्रही त्या वेळेला जेवायची मुभा देतं. विमानाला यंत्र आणतं तसं, आईला त्या वेळेपर्यंत पंचांगानेच आणलं. पण न दिसलेल्याला आई कधी 'दिसलं' म्हणाली नाही. मला तिची भक्ती जास्त खरी वाटते. न उतरता विमान वर घेणाऱ्या वैमानिकाला आम्ही कधी भित्रा म्हटलं नाही. त्याच्या पुढच्या फेरीसाठी दिवे तेवढे लख्ख ठेवले.

तुमच्या घरातलं पोर उद्या म्हणालं, "मला देव दिसत नाही," तर त्याला नास्तिक म्हणून गप्प बसवू नका. त्याला आणखी एक फेरी मारू द्या.