महालक्ष्म्यांसाठी आणलेली गोळी

महालक्ष्म्या तोंडावर आल्या, की अनेक घरांत पाळी पुढे ढकलणारी गोळी आणली जाते. सोवळे मोडू नये म्हणून. ही गोळी शरीरात काय करते, हे ती आणणाऱ्यांनी एकदा समजून घ्यावे.

अंडाशयातून अंडपेशी बाहेर पडली, की फुटलेली पुटिका वाया जात नाही. तिच्या पेशी फुगतात, त्यांत पिवळे द्रव्य साठते, नव्या रक्तवाहिन्या शिरतात आणि काही दिवसांत एक ग्रंथीच उभी राहते. हा पीतपिंड. त्यातून स्रवणाऱ्या प्रोजेस्टेरॉनवर गर्भाशयाचे अस्तर टिकते. गर्भ राहिला, तर त्याचेच संप्रेरक पीतपिंडाला जगवते. वार काम हाती घेईपर्यंत आपण सगळे, देवळांचे विश्वस्तसुद्धा, याच पिंडाच्या आधारावर तगलो. गर्भ राहिला नाही, तर साधारण 14 दिवसांत पीतपिंड आक्रसतो, प्रोजेस्टेरॉन उतरते, अस्तर सुटते. मागे उरतो पांढरा वण, श्वेतपिंड. पाळी येते ती एवढ्यामुळे.

गोळीत प्रोजेस्टेरॉनसारखेच काम करणारे द्रव्य असते. पीतपिंड थकला तरी ते अस्तर धरून ठेवते. मग संप्रेरक औषधाने टिकवले तर बाई पवित्र आणि आपोआप उतरले तर विटाळशी, हा कुठला न्याय?

कोणी म्हणेल, बाजूला बसवणे ही विश्रांतीच होती. मग त्याच दिवसांत ती निंदणाला, कापूस वेचायला कशी चालते? लोणच्याची बरणी विटाळते, कापसाचे बोंड विटाळत नाही. कारण बोंडामागे मजुरी आहे.

अज्ञान हटवता येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेने आंजी परिसरातल्या गावांत मुलींशी पाळीवर बोलणे सुरू केले, तेव्हा पहिल्या पाळीआधी तिची माहिती असलेल्या मुली 35 टक्के होत्या. पुढे त्या 55 टक्के झाल्या. पण गोळी आणणारे घर अडाणी नसते. त्याला विज्ञान हवे असते, फक्त रूढीच्या सेवेला. रूढीही मोडता येते. वर्ध्याचे लक्ष्मीनारायण मंदिर 1928 साली जमनालाल बजाजांनी अस्पृश्य मानलेल्यांसाठी खुले केले. शिवाशिवीचा प्रश्न तिथे दारावर सुटला, घरच्या देवघरात तो अजून तसाच आहे.

शिवाय रक्तात गुठळी होण्याचा त्रास झालेल्या बाईला ही गोळी धोक्याची ठरू शकते. देवीसाठी सुनेचा जीव पणाला लावणाऱ्यांनी यंदा गोळी आणू नये. पाळी आली, तर नैवेद्याचे ताट तिच्याच हाताने मांडू द्यावे.